भिंत जशी आहे तशी

३ फेब्रुवारी, मंगळवार

सचिव झाले. सभेला गेले नव्हते, एवढाच माझा गुन्हा. आमच्या रहिवासी समितीची ही जुनी रीत आहे – गैरहजर असेल त्याला पद द्यायचं, कारण त्याला नाही म्हणता येत नाही. अध्यक्ष स्वतः जिना चढून अभिनंदन करून गेले. अध्यक्ष म्हणजे मास्तर, निवृत्त स्टेशनमास्तर. शिट्टी अजून खिशात असते.

"तुम्ही छापखान्यात लोकांच्या चुका शोधता. आता आमच्या शोधा."

म्हटलं, तेवढं आयुष्य उरलेलं नाही माझं. हसले. माझ्या बोलण्याला हसणारा माणूस दिसला की मी सावध होते; त्याला काहीतरी करून हवं असतं.

काय हवं होतं ते जाता जाता सांगितलं, अर्ध्या जिन्यावरून. गल्लीच्या टोकाची भिंत पाडणार आहेत.

४ फेब्रुवारी, बुधवार

नोटीस वाचली. शुद्धलेखनाच्या सात चुका, आणि आठवी म्हणजे अख्खी नोटीस.

आमची गल्ली एका तोंडाची. ज्या बाजूने शिरायचं त्याच बाजूने बाहेर पडायचं. दुसऱ्या टोकाला दीड पुरुष उंच भिंत. तिच्या पलीकडे दुसरी वसाहत, आणि त्या वसाहतीपुढे मोठा रस्ता. भिंत पाडून सगळं सरळ जोडलं की गाड्यांची अकरा मिनिटं वाचतील, असं रस्ते कार्यालयाचं म्हणणं. त्या अकरा मिनिटांत गाड्या काय करणार आहेत ते लिहिलेलं नाही.

बाबांना वाचून दाखवली. बाबा घड्याळजी होते. डोळे जाऊन चार वर्षं झाली, वेळ मात्र अजून पक्की आहे. बरोबर चारला काठी घेऊन एकटे निघतात. दारापासून भिंतीपर्यंत दोनशे बारा पावलं. भिंतीला हात लावायचा, परत फिरायचं. कोणी हात धरायला गेलं तर काठी उगारतात. त्यांचं भान कानांत आहे, म्हणून चार ते पावणेपाच गल्लीत कोणी इंजिन चालू ठेवत नाही. स्कूटरवाले उतरून ढकलत नेतात. भिंतीला लागून सुताराचं दुकान आहे, तो करवत थांबवतो. हे कोणी ठरवलं ते आठवत नाही. अंगवळणी पडत गेलं.

"भिंत गेली तर?" मी विचारलं.

"तर मी खोलीत. दिवसभर. तुझ्यासमोर."

म्हणजे प्रकरण दोघांच्याही जिवावरचं आहे.

"भिंत हवीच," बाबा म्हणाले. "पण –"

"पण काय?"

"काही नाही. चहा गार झाला."

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली सभा, सुताराच्या दुकानात. बसायला अर्धवट खुर्च्या. माझ्या खुर्चीला पाठ नव्हती, दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीला हात नव्हते, मास्तरांची तेवढी पूर्ण होती, ती गिऱ्हाइकाची.

कामकाज कसं चालतं ते आज कळलं. मास्तर ठराव वाचतात, "कोणाची हरकत?" असं विचारतात आणि श्वासही न घेता "नाही. एकमताने मंजूर" म्हणतात. गाडी वेळेवर सुटली पाहिजे! कोणी हात वर केला तर तो अनुमोदक. डॉक्टरीणबाईंनी डास मारायला हात उचलला, तर त्यांचं अनुमोदन दोन ठरावांना लागलं.

"हे बरोबर नाही, मास्तर," मी म्हणाले.

"तेहतीस वर्षांत एकही ठराव लटकलेला नाही," मास्तर म्हणाले.

लटकला असता तर बरं झालं असतं अशा तीन-चारांची यादी माझ्या डोक्यात आहे. पण सचिवाने पहिल्याच दिवशी तोंड उघडू नये. (उघडलंच. पण थोडं.)

९ फेब्रुवारी, सोमवार

हरकतीचा अर्ज लिहिला. चार पानं. माझ्याच गालावर बोट ठेवून वाचून काढला, इतका आवडला. "अकरा मिनिटे वाचविण्यासाठी एक अख्खी गल्ली खर्ची घालणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड" – हे वाक्य छापखान्यात दाखवलं, दोघं हसले, एकाने विचारलं कुठे छापायचंय.

मास्तरांनी न वाचता सही केली. डॉक्टरीणबाईंनी वजन बघितलं आणि सही केली. माझ्या वहिनीने तर सही करता करता फोनवर भाजीची चौकशी केली. वीस वर्षं मी दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचते आहे. माझं लिहिलेलं वाचणारा अजून जन्मायचा आहे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या रस्ते कार्यालयाचा मोजणीदार येणार. गल्लीत किती वाहतूक असते ते दिवसभर बसून मोजणार. तातडीची सभा.

मास्तर म्हणाले, आपली गल्ली शांत आहे, हाच आपला मुद्दा. मग शांतता दिसली पाहिजे. ठराव – उद्या सकाळी आठ ते सहा कोणीही वाहन बाहेर काढू नये. शक्यतो स्वतःलाही.

एकमताने मंजूर. अनुमोदन – वहिनी. ती खरं तर जांभई देत होती.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काय शिस्त! मी कामाला सकाळी साडेसहालाच निघाले, लपतछपत, चोरासारखी, आणि संध्याकाळी साडेसहाला परतले. वहिनीकडून सगळा वृत्तांत घेतला. मोजणीदार तोंडाशी खुर्ची टाकून बसला होता, हातात बटणाचं यंत्र. दिवसभरात दोन सायकली, त्याही चुकून शिरलेल्या. डॉक्टरीणबाईंनी पेशंटांना कळवलं होतं की दुखणं उद्यावर ढकला. सुताराने दार आतून लावून घेतलं. दुपारी मोजणीदाराला झोप लागली. चार वाजता बाबांच्या काठीने जागा झाला, त्यांना मोजावं की नाही या विचारात पडला आणि पुन्हा झोपला.

"वन्सं, एक मांजरसुद्धा फिरकलं नाही हो," वहिनी म्हणाली. तिच्या मांजराला तिने कपाटात ठेवलं होतं.

मास्तरांनी सहाला शिट्टी वाजवली. गल्ली बाहेर आली. लग्नघरासारखी गर्दी!

२० फेब्रुवारी, शुक्रवार

अहवाल आला. "सदर रस्ता वापराविना पडून असल्याचे आढळले. सबब, वाढीव वाहतूक सामावून घेण्यास तो सर्वथा योग्य आहे."

दोनदा वाचला. तिसऱ्यांदा हसू आलं आणि थांबेना. पलीकडच्या खोलीतून बाबा म्हणाले, "जिंकलात का?"

"आम्ही आमचंच घर रिकामं दाखवलं, बाबा. आता त्यात भाडेकरू येतोय."

२१ फेब्रुवारी, शनिवार

सभा. सगळे माझ्याकडे बघत होते, जणू अहवाल मीच लिहिला. मी फेरमोजणीची मागणी मांडली – कारण दाखवलं की त्या दिवशी "अपवादात्मक परिस्थिती" होती. खोटं नाही. दहा तास गप्प बसलेली आमची गल्ली याहून अपवादात्मक काय असणार?

मास्तर उठले. "या वेळी त्यांना गर्दी दाखवू. एवढी गर्दी, की आणखी एक गाडी घुसवायची म्हटली तर त्यांच्या तोंडचं पाणी पळेल."

मी म्हणाले, नेहमीसारखं वागलं तर चालणार नाही का?

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणालाच आठवेना आपण नेहमी कसे वागतो.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

फेरमोजणी मंजूर झाली, ती आज. छापखान्यात सांगितलं, घरी दुखणं आहे. हेही खोटं नाही, पोट अजून दुखतंय – हसून.

मास्तरांनी भिंतीवर वेळापत्रक लावलं होतं. कोणी किती वाजता बाहेर पडायचं, कधी आत यायचं, कोणाच्या मागे कोण. प्रत्येक सुटण्याला शिट्टी. वहिनी स्कूटरवरून सोळा वेळा गेली, दर वेळी नवा स्कार्फ. नवव्या वेळी स्कार्फ संपले, मग माझे नेले, मग उशीचा अभ्रा. सुताराने एक कपाट चौघांच्या खांद्यावर दिलं आणि ते सकाळपासून आत-बाहेर फिरत राहिलं. सहाव्या खेपेला मोजणीदाराने विचारलं, "एवढी कपाटं कुठे चाललीत?"

"मागणी आहे," सुतार म्हणाला.

अकराव्या खेपेला कपाटाचं दार उघडलं आणि आतून वहिनीचं मांजर बाहेर पडलं. मोजणीदाराने बटण दाबलं. आता त्याला काय मोजतोय हे कळत नव्हतं. दुपारी तीनला त्याचा अंगठा आखडला. डॉक्टरीणबाईंनी तो दाबून दिला. "माझा विषय नाही," म्हणाल्या, "पण अंगठाही दातासारखाच, मुळात दुखतो."

आणि चार वाजले. मास्तरांच्या वेळापत्रकात चारला चार स्कूटर आणि एक हातगाडी होती. कोणी निघालंच नाही! शिट्टीही नाही. कपाट होतं तिथे खाली टेकलं. बाबा निघाले, टक टक टक, कपाटाला काठी लागली, बाजूने गेले. पावणेपाचला परतले. मग पुन्हा शिट्टी, पुन्हा कपाट.

हे आपण काय केलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. मोजणीदाराच्या मात्र आलं. निघताना त्याची वही मी तिरक्या डोळ्यांनी वाचली (उलटी अक्षरं वाचायचा सराव आहे). "४.०० ते ४.४५ – वाहतूक शून्य. कारण समजले नाही."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सुतार जिन्यात भेटला. "ताई, काका भिंतीशी बराच वेळ असतात." एवढंच म्हणाला आणि रंधा घासायचाय म्हणून गेला.

हिशोब केला. दोनशे बारा पावलं जायला चार-पाच मिनिटं, यायला चार-पाच. उरलेली पस्तीस कुठे जातात?

बाबांना विचारलं. "भिंतीला कान लावून उभा असतो. पलीकडचं ऐकू येतं. इकडचं ऐकून कंटाळलोय."

वहिनी कुजबुजली, "वन्सं, मामंजींना डॉक्टरांना दाखवायचं का? आजकाल चार वाजायच्या आत इस्त्रीचा सदरा मागतात."

म्हातारपणी माणूस टापटीप राहिला तर तो आजार समजावा, असा आमच्या घरचा वैद्यकीय विचार.

३ मार्च, मंगळवार

दुसरा अहवाल. "सदर रस्त्यावर असह्य ताण असल्याचे आढळले. एकच तोंड असल्याने रहिवाशांची कुचंबणा होत आहे. सबब, दुसऱ्या टोकाची भिंत तातडीने पाडावी."

रिकामी असली तरी पाडा, भरलेली असली तरी पाडा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मास्तर पहिल्यांदाच खुर्चीत नीट बसले, म्हणजे मान खाली घालून. डॉक्टरीणबाईंनी चहा दिला. कोणी ठराव मांडला नाही.

मला मात्र हसू येत राहिलं, आणि मग दोनशे बारा पावलं आठवली आणि थांबलं.

५ मार्च, गुरुवार

आज काय झालं ते लिहूनच झोपणार!

रस्ते कार्यालयाचे मोठे साहेब स्वतः आले. न कळवता, चारला पाच मिनिटं असताना. त्या "कारण समजले नाही"ने त्यांची झोप उडवली होती म्हणे. दोन मोजण्यांत एकही आकडा जुळत नव्हता, तेवढं एक शून्य जुळत होतं. मी सुट्टीवर होते, गॅलरीतून सगळं पाहिलं, मग धावत खाली.

साहेबांची गाडी आत शिरली आणि वहिनीने हात आडवा घातला. "इंजिन बंद करा."

ड्रायव्हर म्हणाला, "साहेब आहेत गाडीत."

"असू देत. साहेबांना ढकलत न्या."

बंद केलं. पाण्याचा टँकर आधीच बंद उभा होता. करवत थांबली. कोणीतरी रेडिओ बंद केला. इतकं शांत झालं की डॉक्टरीणबाईंच्या नळाचं ठिबकणं ऐकू आलं. बाबा निघाले. साहेबांच्या गाडीला काठीचं टोक लागलं, "नवीन दिसते," म्हणाले आणि वळसा घालून पुढे गेले. साहेब खाली उतरून उभे. बाबा भिंतीपाशी पोचेपर्यंत हलले नाहीत.

मग हळू आवाजात विचारलं, "रोज?"

"रोज," मास्तर म्हणाले.

"एका माणसासाठी सगळी गल्ली पाऊण तास थांबते, आणि हे तुमच्या चार पानांत कुठेच नाही?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुताराकडे. सुतार म्हणाला, "त्यात लिहिण्यासारखं काय आहे?"

साहेबांनी दोन्ही अहवाल घडी करून खिशात टाकले. म्हणाले, इथून गाड्या नेता येणार नाहीत. भिंत राहील.

(चार पानं वाचली होती त्यांनी! नाक आणि मोती त्यांना पाठ होतं.)

११ मार्च, बुधवार

साहेबांचं पत्र. भिंत पाडण्याचा प्रस्ताव मागे. पण फायलीत आणखी एक अर्ज आहे, त्यावर समितीचं म्हणणं कळवावं. अर्ज पलीकडच्या वसाहतीतल्या एका बाईंचा, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. मागणी – भिंतीत माणूस ये-जा करील एवढं छोटं दार.

सभेत नुसता भडका! "चंचुप्रवेश," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज दार, उद्या फाटक, परवा ट्रक." पलीकडे आमच्यापैकी कोणी कधी गेलेलं नाही, वळसा घालून जायचं तर पाऊण तास. त्यामुळे तिथे कोण राहतं याविषयी सगळ्यांना खात्रीने माहीत आहे.

मला तर स्फुरण चढलं होतं. वाचणारा वाचक मिळालाय आता! तिथल्या तिथे लिहिलं – "सदर भिंतीत दार, खिडकी, झरोका, फट अथवा छिद्र कोणत्याही कारणास्तव, कोणत्याही काळी ठेवू नये, असलेले तात्काळ बुजवावे, व भिंत जशी आहे तशी राहावी." शेवटच्या दोन भागांत विसंगती आहे हे लक्षात आलं होतं. पण लय चांगली जमली होती.

टाळ्या. सुताराने हात वर केला. मास्तर म्हणाले, "अनुमोदन – सुतार." तो तोंड उघडणार तोवर "एकमताने मंजूर". मीही लिहून टाकलं.

१४ मार्च, शनिवार

साहेबांची मंजुरी, माझं वाक्य शब्दशः घालून. गल्लीत टेबलं मांडली, चहा-बिस्किटं, सगळे हजर. मास्तरांनी वाक्य खणखणीत वाचून दाखवलं. "छिद्र" या शब्दावर शिट्टी वाजवली. बाबांना पुढच्या खुर्चीत बसवलं होतं, प्रमुख पाहुणे. त्यांनीही टाळी वाजवली. एकच वाजवली, पण त्यांना फार आवाज चालत नाहीत.

वहिनी मांजर घेऊन नाचली. मी नाचले नाही. (थोडी नाचले.)

१८ मार्च, बुधवार

सकाळी गवंडी आला आणि भिंतीच्या जुन्या पाईपचं भोक सिमेंटने बुजवून गेला. बशीएवढं होतं, खांद्याच्या जरा वर. मला माहीतही नव्हतं तिथे भोक आहे. कार्यालय एवढ्या तत्परतेने काम करतं हे पाहून भरून आलं.

१९ मार्च, गुरुवार

बाबा आज नऊ मिनिटांत परत आले.

२० मार्च, शुक्रवार

चार वाजले. गल्ली थांबली. बाबा निघाले नाहीत. इस्त्रीचा सदरा खुर्चीवर तसाच.

शेजारी जाऊन बसले. बाबांनीच सांगितलं. ती टेलिफोनवाली. दोन वर्षं, त्या भोकातून, रोज. दाराचा अर्ज तिचा, पण मजकूर बाबांनी सांगितलेला. "त्र्याऐंशीव्या वर्षी मुलीला काय सांगायचं? तू वाक्य मात्र छान लिहिलंस. कुठूनही निसटता येत नाही."

खाली गेले. सुताराला म्हटलं, पहार घे.

"हात वर केला होता मी, ताई."

"माहीत आहे. इतिवृत्तात आहे."

"आणि एक वीटही हलवायची नाही, असं तुम्हीच लिहिलंय."

"लिहिलंय. चल."

मास्तर दारात उभे होते. शिट्टी तोंडापर्यंत नेली, आणि खिशात ठेवली. पहिला घाव घातला तेव्हा चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. दुसरा घालायच्या आत पलीकडूनही कोणीतरी ठोकायला लागलं.